समोरचा

असं समजा, की दोर वळायला तुम्ही उभे आहात. कमरेला अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे सोलून काढलेल्या तंतूंचा, झुपका खोचलेला आहे. त्यातली चिमूटभर तार ओढून तुम्ही लाकडी फिरकीच्या आकड्यात अडकवता. फिरकीपाशी एक माणूस मांडी ठोकून बसलेला असतो. तो दांडी फिरवू लागतो, तारेत पीळ भरतो, आणि तुम्ही बोटांतून वाख सोडत सोडत मागं सरकायला लागता. मागं म्हणजे पाठीकडे. वळून पाहायची सोय नाही, कारण नजर हलली की बोटं चुकतात आणि सुतात गाठ येते. तुमच्या पाठीमागं दगड आहे, काटा आहे की बसलेली म्हैस आहे, ते तुम्हाला दिसत नाही. दिसतं ते त्या फिरवणाऱ्याला. त्याच्या तोंडाकडे पाहत पाहत तुम्ही मागं जायचं. जितका दोर लांब, तितकं ते तोंड लहान होत जातं.

त्या फिरवणाऱ्या माणसाला आसेगावचे दोर वळणारे 'समोरचा' म्हणत. बाई असली तर समोरची.

सोजरबाई लग्न होऊन आसेगावला आली ती उकंडाची समोरची म्हणूनच. गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला दोर वळणाऱ्यांची दहाबारा घरं होती. गाव त्या वस्तीला मांगवाडा म्हणायचं. लग्नाची हळद उतरायच्या आधीच सासूनं तिला फिरकीपुढे बसवलं आणि दोनच गोष्टी शिकवल्या. फिरवणारीनं चालणाऱ्याची पाठ राखायची, ही एक. दुसरी ही की घराला आग लागली तरी अर्ध्या दोरातून उठायचं नाही. अर्ध्यात उठलं की भरलेला सगळा पीळ उलटा सुटतो, दोर वाया जातो. आणि चालणाऱ्याला वाटतं, आपल्याला सोडून गेले. त्या वस्तीत बायकोला मारणारा माणूस पंचांपुढे माफी मागून सुटे. अर्ध्या दोरातून उठलेल्याला मात्र पुढं कुणी फिरकीवर बसवत नसे.

उकंडा बोलका नव्हता. मागं सरकत तो पार ओढ्यापर्यंत पोचला, की तिथून एकदा हाक मारायचा, "हाय ना?"

सोजर म्हणायची, "हाय."

संसारातलं निम्मं बोलणं तेवढंच. धाकटा दीर जगदेव त्यावरून चिडवायचा. "वयनी, दादानं तुले लग्नात तरी दुसरं काई इचारलं होतं का वो?"

"इचारलं होतं ना. म्हने, तुले देर चालते का असा वटवट्या? म्या म्हटलं, एक असू द्या, घरात कावळा लागतेच."

जगदेव हसता हसता वाखाच्या ढिगावर पडायचा.

वाशीमच्या मिशनातून विजयमालाबाई नावाची एक प्रचारक बाई महिन्या-दोन महिन्यांनी दमणीत, बैलांच्या हलक्या गाडीत, बसून येत असे. ती नगरकडची. तिची मराठी पुस्तकासारखी, त्यामुळे वस्तीतल्या बायका आधी तिचं बोलणं ऐकायलाच जमायच्या, अर्थ नंतर. एकदा ती बाभळीखाली बसून सांगत होती, की देव नुसता धनी नाही. येशूनं आपल्या माणसांना चाकर म्हणायचं सोडलं आणि मित्र म्हटलं.

उकंडा वाख विंचरत बाजूला बसला होता. तो म्हणाला, "बाई, आमच्यात मैतर असते गुरं चारणाऱ्या पोरायले. मोठ्या मान्साले मैतर नसते."

"मग मोठ्या माणसाला कोण असतं?"

"समोरचा असते."

विजयमालाबाईला ते कळलं नाही. तेव्हा त्यानं सोजरला फिरकीवर बसवलं आणि ओढ्यापर्यंत चालून दाखवलं. बाई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तसाच समजा. तुमची पाठ ज्याला दिसते तो."

त्या एका बोलण्यानं उकंडाचं मन वळलं. दोन वर्षांनी, वाशीमला जाऊन, त्या दोघांनी बाप्तिस्मा घेतला. सोजर खरं तर नवऱ्याच्या मागं गेली होती. पण परत येताना, उन्हात चालता चालता, तिनं मनातल्या मनात त्या नव्या सोबत्याला हाक मारून पाहिली. देवाचं नाव घ्यायची तिला अजून सवय नव्हती, म्हणून ती म्हणाली, "समोरच्या, हाय ना?" आणि तिला वाटलं, हातात पीळ आला. जिवंत सुताला पीळ भरताना बोटांना जी बारीक थरथर लागते, तशी. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. दोर वळणाऱ्यालाच ती थरथर ठाऊक. बाकीच्यांना काय सांगावं?

पंचांनी त्यांना वाळीत टाकलं. विस्तू बंद, पाणी बंद, बोलणं बंद. पोळ्याच्या तोरणाचा दोर पिढ्यान् पिढ्या उकंडाच्या घरचा, तो जगदेवकडे गेला. जगदेव तोरण बांधताना मान खाली घालून होता, पण बोलला नाही. बोलला असता तर त्याचंही घर बंद झालं असतं. उकंडानं त्याला बोल लावला नाही. तो म्हणाला, "त्याच्या पोटी लेकरं येतीन. आपल्या पोटी कोन हाय?" मूल त्यांचं जगलं नव्हतं.

मग मानमोडीचा ताप आला. गावोगाव माणसं मेली, उचलायला खांदे पुरेनात. उकंडा दोन दिवसांत गेला. वाशीमहून मिशनाचे लोक येऊन पोचेपर्यंत सोजर एकटी प्रेतापाशी बसून होती. जगदेव लांब लिंबाखाली उभा राहिला, पुढं आला नाही, आणि गेलाही नाही. माती लोटून झाल्यावर सोजरनं तिकडे पाहिलं तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं.

दोर एकट्यानं वळता येत नाही. सोजरला हे ठाऊक होतं, पण ते कळलं त्या वर्षी. फिरकी अंगणात तशीच पडली. मग ती मांडीवर सुतळी वळायला लागली. शिंकी, बैलांची मुसकी, वासरांची दावी, एवढं मांडीवर निघतं. दाव्याचं एक टोक बाभळीला बांधायचं आणि दुसरं हातात धरून पीळ घालत बसायचं. वस्तीतल्या बाया पाण्याला जाताना आपसांत बोलायच्या, तिला ऐकू जाईल अशा बेतानं.

"सोजरीनं बाभळीसंग पाट लावला वाट्टे."

"बरं हाय ना माय. बाभूळ मारत तं नाई."

सोजरला हसू यायचं. पण हसून पाहावं तर समोर बाभूळच. बोलणं नसलेल्या घरात आवाज कसे मोठे होतात ते तिला कळलं. भाकरी भाजल्याचा, बकरीनं पाला ओढल्याचा. सणावारी वस्तीत पुरण शिजायचं आणि वास भिंत ओलांडून यायचा; वासाला कुणी वाळीत टाकलेलं नव्हतं.

पण तिला समोरचा होता. सकाळी दार उघडलं की ती म्हणायची, "समोरच्या, हाय ना?" तेवढीच तिची प्रार्थना. विजयमालाबाई शिकवायची ती लांब प्रार्थना तिला यायची, पण ती रविवारची. रोजची ही. आणि बहुतेक वेळा बोटांत ती थरथर यायची. कधी मांडीवर सुतळी वळताना यायची, कधी ओढ्यावर भांडी घासताना. त्या जोरावर वर्षं निघाली.

एका उन्हाळ्यात नानाजी पाटलाच्या विहिरीचा नाडा तुटला. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, मनगटाएवढा. पाटलाचा मळा वाळायला लागला आणि त्यानं जगदेवला निरोप धाडला. जगदेवच्या पायात नारू निघालेला. पाऊल सुजून भाकरीसारखं झालं होतं, मागं मागं चालणं तर लांबच राहिलं. बायको कस्तुरा बाळंतपणाला माहेरी रिठदला. वस्तीतली बाकी माणसं कामाला पांगलेली, आणि मागं उरलेल्यांत वाख सोडायचा हात कुणाचा नव्हता. तो हात उकंडाचा होता. आणि आता, एकटीनं बाभळीशी झगडून झगडून, सोजरला आला होता.

दुपारी जगदेव काठी टेकत तिच्या अंगणाशी आला. आत आला नाही. कुंपणापाशी बकरी बांधली होती, तिच्यापुढं तो बसला आणि तिच्याशीच बोलू लागला.

"बकरे, तुह्या मालकिनीले सांग, पाटलाचा नाडा कराचा हाय. फिरकीवर मी बसतो. चालाले कोनी नाई."

सोजर दारात होती. इतक्या वर्षांनी तो आवाज इतक्या जवळून. ती बकरीकडे पाहत म्हणाली, "बकरे, त्याले इचार, पंचायले चालते का?"

"पंच म्हनतात, तिनं मरीमायपुढं एक नारळ फोडाव आन् म्हनाव, चुकली. मंग सारं मोकळं. विस्तू, पानी, बोलनं, सारं. कस्तुरा तं म्हने, या बाळंतपनात वयनी पाह्यजे होती वो." त्यानं बकरीपुढं पाला सरकवला. "हे कस्तुरेचं बोलनं हाय, बकरे. माहं नाई."

सोजर खाली बसली. एक नारळ. उद्यापासून शेजारणीच्या चुलीतला विस्तू, पाण्याच्या वाटेवर बोलणं, जावेचं मूल मांडीवर. संध्याकाळी कुणीतरी विचारील, काय वो सोजरे, जेवली का? तिनं कितीदा रिकाम्या अंगणात स्वतःलाच विचारलं होतं, जेवली का? पदरात तोंड घालून ती मनात म्हणाली, समोरच्या, तू सांग. एवढं एक सांग. बोटं तिनं उघडी ठेवली. काही आलं नाही. ऊन होतं, बकरी रवंथ करत होती.

पदरातून तोंड काढून ती म्हणाली, "बकरे, त्याले सांग, मी कोनाच्या तरी समोर बसून राह्यली. अर्ध्या दोरातून उठाव हे त्याच्याच मायनं मले शिकवलं नाई."

जगदेव पुटपुटला, "सुंभ जळलं तरी पीळ जात नाई म्हनतात, ते हेच."

"जाईन कसा? तुह्या घरचाच पीळ हाय." हे बोलताना ती बकरीला विसरली. तिचं तिलाच कळलं आणि ती पुन्हा बकरीकडे वळली. "आन् त्याले इचार, पंचायनं बोलनं बंद केलं हाय, विस्तू बंद केला हाय. दोर बंद केला हाय का? दोर वळताना बोलाव कुठं लागते?"

जगदेवनं डोकं खाजवलं. ही गोष्ट पंचांच्या डोक्यात आली नव्हती, त्याच्याही नाही. पाटलाचा निरोप डोक्यावर होता, त्यामुळे पंचांनीही ओढूनताणून होकार दिला. अट एकच, तोंडातून शब्द निघता कामा नये. निघाला तर जगदेवचंही घर बंद. वस्तीतले दोन म्हातारे लिंबाखाली घोंगडं टाकून बसले, शब्द निघतो का ते पाहायला.

सकाळच्या उन्हात जगदेव फिरकीवर बसला, सुजलेला पाय पुढं पसरून. सोजरनं कमरेला वाख खोचला. आयुष्यभर ती त्या जागी बसली होती, आज पहिल्यांदा या बाजूला उभी राहिली. फिरकी फिरली, तार ताठ झाली, आणि ती मागं सरकायला लागली.

पहिल्याच सुतात तिला कळलं, उकंडा हाक का मारायचा. मागं चालताना पाठ उघडी पडते. सारं जग पाठीकडे असतं आणि तुमच्याजवळ फक्त एक तोंड, तेही लहान होत चाललेलं. ती बाभळीपाशी होती तेव्हा जगदेवच्या कपाळावरचा घाम दिसत होता. पुढं नुसत्या मिशा. मग नुसतं पागोटं. तिच्या जिभेवर 'हाय ना?' आलं आणि तिनं ते दातांखाली धरलं.

पाटलाची विहीर खोल. तिचा नाडा वस्तीच्या नेहमीच्या दोरापेक्षा लांब, म्हणून सूतही लांब हवं. उकंडा थांबायचा त्या जागेच्या मागं तिला जायचं होतं. ऊन चढलं होतं. डोळ्यांत घाम, बोटांना वाखाचे तडे. पाऊल मागं, पुन्हा पाऊल मागं.

आणि फिरकी थांबली.

हातातलं सूत एकदम मुकं झालं. ती थरथर गेली. उठला, तिला वाटलं. म्हाताऱ्यांनी खूण केली आणि हा उठला, अर्ध्या दोरातून, त्याच्याच मायचं पोर असून. सूत ढिलं पडू नये म्हणून चालणाऱ्याचा पाय आपोआप मागं जातो. तिचाही उचलला गेला. तो तसाच अधांतरी धरून तिनं मान वर केली.

जगदेव जागेवर होता. दोन्ही हातांनी त्यानं फिरकीची दांडी आवळून धरली होती. तोंड उघडं होतं, पण शब्द नव्हता. आणि तो तिच्याकडे पाहत नव्हता; तिच्या खांद्यावरून, तिच्या मागं पाहत होता.

सोजरनं मान वळवली. टाचेमागं ओढ्याची दरड होती, मागच्या पावसानं कापून नेलेली, खाली उघडे दगड. तिनं उचललेला पाय हळूच पुढं टेकला. फिरकी पुन्हा फिरायला लागली आणि सुतात जीव आला.

मग त्यांनी फिरकीच उचलून मागं, वस्तीच्या अंगाला नेली आणि उरलेली सुतं तिथून काढली. सुतांचे पदर झाले, तीन पदरांचा नाडा झाला. सुताला उजवा पीळ द्यायचा आणि पदर एकत्र वळताना डावा. दोन उलटे हट्ट एकमेकांना धरून बसतात, म्हणून दोर सुटत नाही. शेवटची गाठ पडली तेव्हा म्हातारे घोंगडं झटकून उठले. शब्द निघाला नव्हता. जगदेवनं नाडा पाटलाच्या गाडीत चढवला, काठी घेतली, आणि जाता जाता कुंपणापाशी थांबून बकरीच्या कपाळावर हात ठेवला.

"बकरे," तो म्हणाला, "तुह्या मालकिनीचा हात दादासारखा हाय."

त्यानंतर दर उन्हाळ्यात, जाड दोराचं काम निघालं की जगदेव यायचा. दोघं मुक्यानं दोर वळायचे. बकऱ्या बदलल्या, निरोप तेच राहिले. कस्तुरेची मुलं मोठी होताना सोजरनं कुंपणापलीकडून पाहिली. नारळ तिनं फोडला नाही, आणि वाळीत टाकलेली ती कधी परत घेतली गेली नाही. मग एका हिवाळ्यात जगदेव छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या मातीला सोजर लिंबाखाली उभी राहिली. तेवढंच जवळ जाता येत होतं.

त्याच वर्षी की पुढच्या, तिला नीट आठवत नसे, ती दुसरी गोष्ट झाली. सकाळी दार उघडून ती म्हणाली, "समोरच्या, हाय ना?" आणि बोटांत काही आलं नाही. आधी तिला वाटलं, थंडी आहे. मग वाटलं, वय झालं, बोटं बधिर झाली. पण सुतळीचा पीळ बोटांना कळत होता, फक्त तो दुसरा कळत नव्हता. दिवस गेले. ती रोज हाक मारत राहिली. रविवारची लांब प्रार्थनाही ती आता रोज म्हणू लागली, तीत काही खोट राहिली असेल तर भरून निघावी म्हणून. हातात सूत होतं, पण मुकं.

विजयमालाबाई आता म्हातारी झाली होती. मिशनाच्या कामातून ती मोकळी झाली होती आणि कायमची नगरकडे निघाली होती. निरोप घ्यायला ती आसेगावला आली. दमणीतून उतरताना तिला हाताला धरावं लागलं. बाभळीखाली दोघी बसल्या. सोजरनं गुळाचा चहा केला. बाईनं कप दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "सोजर, इतकी वर्षं एकटी राहिलीस. देवावर रुसली नाहीस ना?"

"रुसू कशी? रुसाले तोंड दिसाव लागते ना बाई."

मग सोजरनं तिला सगळं सांगितलं. बोटांतल्या थरथरीचं, इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं. त्या उन्हाळ्याचं, दरडीचं, जगदेवच्या उघड्या तोंडाचं. आणि ती थरथर थांबल्याचं.

"त्या दिवशी फिरकी थांबली तवा मले वाटलं, जगदेव उठून गेला," ती म्हणाली. "पन म्या वर पाह्यलं. तोंड दिसलं, म्हनून समजलं. फिरकी दोनच गोष्टीनं थांबते बाई. एक तं चालनाऱ्याच्या मागं काई असलं, तवा. नाई तं समोरचा उठला, तवा."

विजयमालाबाईच्या हातातला चहा निवत होता. सोजरनं आपली बोटं उलगडून मांडीवर ठेवली, वाखानं चिरलेली, काळी पडलेली, आणि ओढ्याच्या दिशेला पाहत राहिली.

"मी लई लांब आली, बाई. एवढ्या लांबून त्याचं तोंड मले दिसत नाई. तुमी शिकलेल्या हा, तुमी सांगा. माह्या मागं काई हाय म्हनून थो थांबला, का उठून गेला?"